पिवळ्या सीलची दुर्बीण

गवारेवस्ती, चाकण
६ जुलै २०२५

जयसिंगा, जय भीम.

पत्र बघून दचकू नको, घरात समदी धडधाकट हाय. फोनवर तुझं नुसतं भुणभुण ऐकू येतं, आणि मोबाइलवर लिहाया बसलो तर कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेसवर एकतीस वर्सं घालवलेलं माझं बोट एका दमात तीन अक्षरं दाबतं. म्हणून कागद. तुझी आम्रपाली रोज सकाळी सव्वासहाला कंपनीच्या बसनं आमच्या फाट्यावर थांबती, मी बी त्याच टायमाला तिथल्या डेअरीवर दूध घालाया असतो. तिच्या डब्याच्या पिशवीत टाकतोय. उत्तर तिच्याकडंच दे.

काम असं हाय. मला एक दुर्बीण पायजे. माझ्यासाठी न्हाई, यशोदासाठी.

झालं काय, आमच्या मागं पाझर तलाव हाय, तू मागं आला होतास तवा बांधावर बसून भेळ खाल्ली होती बघ. त्याच्या कडंला जुना आंबा हाय आणि आंब्याला दोन पुरुष उंचीवर ढोली. पावसाळ्यात झाडाभवती पाणी असतं, जवळ जाता येत न्हाई. यशोदा म्हशी घेऊन तिकडं जाती. गेल्या हप्त्यात येऊन म्हणाली, "अहो, अडईनं आंब्याच्या ढोलीत घर केलंय." अडई म्हंजे तांबूस रंगाचं बदक. शिट्टी मारतं म्हणं, पण ती शिट्टी ऐकून मला दहा वर्सं झाली. मी म्हणालो, "बदक झाडावर? उद्या म्हस वडावर चढंल."

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण सकाळी डेअरीवर पंचवीस माणसं रांगेत, मला चेव आला. चांगलं रंगवून सांगितलं. माणसं हसून हसून कॅन सांडाया लागली. आता वस्तीतल्या बाया तिला इचारत्यात, "काय गं यशोदे, तुझं बदक कुठल्या फांदीला पवतं?"

ती माझ्याशी बोलायची बंद झाली. आणि खरं सांगू? मला चार दिवस कळलंच न्हाई. मला वाटलं कान आणखी गेले. पाचव्या दिवशी शेजारच्या शालनबाईनं तोंडावर बोट ठेवून खूण केली, तवा उलगडा झाला.

आता ती तलावावर बी जाईना. पाखरं बघणं हा तिचा एकच शौक, ना कधी सिनेमा मागितला ना सोनं. तो बी माझ्यापायी गेला. दुर्बीण आली की ती बघंल, मी बी बघंन, खऱ्याखोट्याचा निकाल लागंल. खरं निघालं तर त्याच डेअरीवर माफी मागंन, शब्द देतो.

तू आपल्या कंपनीत इन्कमिंगला इन्स्पेक्टर, आलेला माल तपासणारा. तुझ्या हाताखालनं कधी फुसका माल सुटला न्हाई. पाच हजाराच्या आत, टिकाऊ पायजे. तिला चष्मा हाय, चेहरा लहान हाय. बाकी तू जाण.

तुझा,
दत्तोबा

—

भोसरी
९ जुलै

दत्तोबा, रामराम.

लेका, तू गाढव आहेस. हा शेरा आधी नोंदवून घे, मग पुढचं वाच. आमच्या सौ. गिरजेनं पत्र ऐकलं, दोनदा हसली आणि एकदा चिडली. चिडली ती तुझ्यावर. मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, त्यामुळे बदक झाडावर राहतं की नाही यावर मी सही करणार नाही. मालाचं मात्र बघतो.

काम सुरू केलंय. पहिला नग इथल्याच एका दुकानात बघितला. डब्यावर मोठ्या अक्षरात ३०×६०. दुकानदार म्हणे, "काका, तीसपट मोठं दिसतं, चंद्रावरचे खड्डे मोजा." डोळ्याला लावली तर समोरच्या वर्कशॉपची पाटी भूकंपात सापडल्यासारखी हलायला लागली. नापास.

मग आम्रपालीला बसवून इंटरनेटवरचं वाचून घेतलं आणि वहीत उतरवलं. ऐक, सोपं आहे. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार. दुसरा म्हणजे पुढच्या काचेची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पट जास्त तेवढी हाताची थरथरही जास्त मोठी होते आणि दिसणारा तुकडा लहान होतो. पाखरू सापडेपर्यंत उडून जातं. आता दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भाग. जे उत्तर येईल तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यापर्यंत पोचतो. तीस-साठचा येतो दोन. आठ-चाळीसचा येतो पाच. वहिनींना बघायचंय ढगाळ हवेत, आंब्याच्या सावलीत, तेही ढोलीत. दोन मिलिमीटर उजेडात त्यांना काय दिसणार, कप्पाळ? तर मापं ठरली: आठपट, चाळीसच्या आसपास काच.

दुसरा नग आठपटच होता, पण काचा लालभडक. दिसायला ऐट, आतून सगळं हिरवट. नापास. तिसरा घरपोच मागवला. त्याची एक नळी आकुर्डीकडे बघते आणि दुसरी चिंचवडकडे. मिनिटभरात डोकं भणाणलं. लाल टॅग बांधून, कारण लिहून परत पाठवला. आम्रपाली म्हणाली, "पप्पा, रिटर्नला एवढं कारण लागत नाही." म्हटलं, आम्हाला लागतं.

एक काम कर. वहिनींच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजून कळव. काही नळ्या पुरेशा जवळच येत नाहीत, लहान चेहऱ्याला दोन वेगळी वर्तुळं दिसत राहतात.

जयसिंग

—

गवारेवस्ती
१२ जुलै

जयसिंगा,

माप घे: अठ्ठावन्न मिलिमीटर. ती दुपारची पडली होती तवा तिच्या चष्म्याच्या काचांचं मधल्यापासून मधल्यापर्यंत अंतर व्हर्नियरच्या मापपट्टीनं घेतलं. रिटायर होताना सायबानं दिलेला व्हर्नियर कधी तरी कामाला येईल असं वाटलंच होतं. तीनदा घेतलं, तीनदा तेच आलं.

घरात अजून कर्फ्यू हाय. काल मी भांडी घासली. तिनं ती परत घासली. ताट वाढती, पण आदळून न्हाई, गपचूप ठिवती. ते जास्त वाईट. भाजीत मीठ मात्र बरोबर असतं, म्हंजे अजून आशा हाय.

म्हशी मी नेतो. त्या बी माझ्याकडं परक्या माणसागत बघत्यात. आंब्याकडं डोळे ताणून बघितलं, मला नुसतं काळं भोक दिसलं. जरा घाई कर राव.

दत्तोबा

—

भोसरी
१७ जुलै

दत्तोबा, रामराम.

माल मिळाला! सहावा नग. चिंचवड स्टेशनजवळ एक कॅमेरे दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडे. आठ बाय चाळीस, किंमत चार हजार सहाशे. बिल आत ठेवलंय.

जुन्या वळणाची आहे, खांदे बाहेर आलेली. हल्ली सरळ नळ्यांची फॅशन आहे, दिसते झकास, पण या किमतीत सरळ नळीवाल्यांना आतल्या काचांवर काटकसर करावी लागते. जुन्या वळणाच्या दुर्बिणीत तेवढ्याच पैशात चित्र जास्त स्वच्छ मिळतं. दुकानदार मला सरळवालीच खपवत होता. मी म्हटलं, वहिनींना ती गळ्यात घालून लग्नाला जायचं नाहीये.

सगळं तपासलं. हातभर लांब धरून मागच्या काचांतले ठिपके बघितले: दोन्ही गोल, कुठेही कापलेले नाहीत. मोबाइल टॉवरचा खांब बघितला: मधे सरळ, कडेला केसभर वाकतो, चालेल. दोन्ही नळ्यांत गच्चीचा कठडा एकाच रेघेत. हलवून बघितली, आत काही खुळखुळत नाही. हे सगळं तीनदा केलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "काका, दुर्बीण घ्यायचीय का मुलगी द्यायचीय?"

दोषही सांगतो, लपवाछपवी नाही. पाणी आत शिरू शकतं, पावसात पिशवीत ठेवायची. वजन पाऊण किलो, आणि सोबतचा पट्टा म्हणजे नुसती सुतळी, मान कापेल. म्हणून गिरजेनं गोधडीच्या कापडाचा चार बोटं रुंद पट्टा शिवून लावलाय. डोळ्याकडचे रबर चष्मा असेल तर बाहेर दुमडायचे. नळ्या अठ्ठावन्नला आरामात जुळतात.

आता महत्त्वाचं. उजव्या डोळ्याजवळ एक बारीक कडी आहे. दोन डोळ्यांत फरक असतो, म्हणून ती एकदा जुळवायची आणि पुन्हा हलवायची नाही, असं कागदावर छापलंय. ती मी आमच्या गॅलरीत बसून तासभर जुळवली. समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कावळ्याचं पीस न् पीस दिसतं! कुणाच्या हातून चुकून हलू नये म्हणून आपल्या कंपनीच्या पद्धतीनं पिवळ्या रंगाची रेघ मारून सील केलीय. वहिनींनी फक्त मधलं चाक फिरवायचं.

पास. सही, जयसिंग.

—

गवारेवस्ती
२० जुलै

जयसिंगा,

घोळ झाला.

परवा ती तांदूळ निवडत होती, मी काय न बोलता दुर्बीण तिच्या सुपाशेजारी ठिवली. तिनं बघितली. गिरजावहिनींच्या पट्ट्यावरनं हात फिरवला. आणि उठली की! पंधरा दिवसांत पहिल्यांदा तलावाकडं निघाली. म्होरं ती, मागं म्हशी, म्हशींच्या मागं मी. माझ्या मनात लाडू फुटत होते.

बांधावर बसून तिनं दुर्बीण लावली. चाक फिरवलं. लई येळ फिरवलं. मग खाली घेतली, चष्मा पदरानं पुसला, परत लावली. शेवटी माझ्या हातात दिली आणि सरळ घरी गेली. मागं वळून बघितलं न्हाई.

मी लावली. डाव्या नळीतनं आंब्याच्या सालीवरची मुंगी दिसली, खोटं न्हाई. उजवीतनं मात्र ताकात बघितल्यागत. दोन्ही मिळून डोकं गरगरलं. सांजच्याला शालनबाईनं मला पाटीवर लिहून दाखवलं, यशोदा तिला म्हणाली, "आधी हसले, आता लहान पोरागत खेळणं आणून दिलं." जयसिंगा, जिवाला लागलं रे. ह्यापेक्षा दुर्बीण आणलीच नसती तर बरं.

ती बारीक कडी फिरवून बघावी असं मनात आलं. पण वर तुझी पिवळी रेघ. कंपनीत मशीन जुळवणाऱ्या त्या नव्या सेटरनं इन्स्पेक्टरला न इचारता सील तोडलं आणि नऊशे नग भंगारात गेले, ते मी इसरलो न्हाई. एकतीस वर्सांत मी तुझ्या सीलला नख लावलं न्हाई, आता बी लावणार न्हाई. लेखी परवानगी पाठव.

दत्तोबा

—

भोसरी
२२ जुलै

दत्तोबा,

पत्र वाचून वाईट वाटलं आणि, स्पष्टच सांगतो, थोडा रागही आला. माल पास आहे. मी स्वतः तासभर बसून जुळवलाय. कावळ्याचं पीस दिसत होतं तिथं तुला ताक दिसतं, तर दोष नळीचा की डोळ्याचा?

तुला आणि वहिनींना, दोघांनाही, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय असं माझं मत आहे. या वयात होतं. माझं मागच्या हिवाळ्यात उजव्याचंच ऑपरेशन झालं, घाबरण्यासारखं काही नसतं. दोघं जाऊन तपासून या. तोवर सील तोडायची परवानगी नाही. एकदा सेटिंग बिघडलं की मला तिथं येऊन पुन्हा जुळवावं लागेल.

जयसिंग

—

गवारेवस्ती
२४ जुलै

जयसिंगभाऊजींना यशोदाचा जय भीम.

मी चौथीपर्यंत शिकलेली हाय, अक्षर गोड मानून घ्या. हे पत्र ह्यांच्या नकळत देतीय. सकाळी हे डेअरीच्या रांगेत असतील तवा म्हशीचं निमित्त काढून फाट्यावर येऊन आम्रपालीच्या हातात देणार हाय. लई गुणाची पोर हाय, तिला आधी सांगून ठिवलं तर काय इचारलं न्हाई, नुसती हसली.

तुमचं मोतीबिंदूचं पत्र ह्यांनी फळीवर ठिवलं होतं, ते मी वाचलं. त्याच्या खाली तुमची आधीची आणि ह्यांनी तुमाला लिहिलेल्या पत्रांचे कच्चे कागद बी होते, ते बी वाचले. व्हर्नियरचं वाचून मला एकटीलाच इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबला.

भाऊजी, रागावू नका, पण तुमी दोघांनी एवढी वर्सं लोखंडात काम केलं आणि एवढं बी कळंना? तुमी तुमच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला कडी जुळवली. माझा डोळा तुमच्या नंबरचा कसा असंल? दवाखान्यात डॉक्टर एक डोळा पुठ्ठ्यानं झाकून दुसरा तपासत्यात, मग तो झाकून हा. प्रत्येकाला येगळी काच देत्यात. एकाचा चष्मा गावाला वाटत न्हाईत.

ह्यांनी सीलला हात लावला न्हाई. मी लावला. केसातला आकडा काढला आणि तुमचा रंग खरवडला. माझ्यावर कुठल्या सायबाचा मेमो येणार? मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डावा जुळवला, नंतर डावा मिटून कडी फिरवली. आणि भाऊजी, काय सांगू! ढोलीच्या तोंडाशी अडई बसलेली. तिची मान, तिचं तांबूस पोट, डोळ्याभवती बारीक पिवळी कड सुदीक दिसली! पन्नास वर्सं पाखरं बघतीय, ती कड मला कधी दिसली न्हवती. मी मोठ्यानं हसले तशी म्हस बिचकली. तुमची दुर्बीण लई झ्याक हाय. गिरजाताईंना सांगा, पट्टा मानेला अजिबात लागत न्हाई.

आता मनातलं सांगते. ह्यांना यातलं काय कळवू नका. ह्यांनी तुमाला लिहिलंय, खरं निघालं तर माफी मागंन. बघून तर कुनी बी मानंल. डेअरीवरची माणसं बी मानतील. मी तीस-पस्तीस वर्सं ह्यांच्या घरात हाय, कधी खोटं बोलले न्हाई. ह्यांनी न बघता मानावं आणि जिथं हसले तिथं जाऊन सांगावं. दुर्बीण आणली ते चांगलंच केलं, पण मला ते पायजे. न्हाई सांगितलं तर मी पिल्लं एकटीच बघंन, ह्यांना दाखवणार न्हाई.

कडीवर मी हळद कालवून तुमच्यासारखीच रेघ मारून ठिवलीय. ह्यांना फरक कळणार न्हाई.

यशोदा

—

भोसरी
२५ जुलै

सौ. यशोदावहिनी, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र गिरजेनं मोठ्यानं वाचलं आणि मी मान खाली घालून ऐकलं. तुमचं पत्र संपल्यावर ती मला म्हणाली, "इतकी वर्षं कंपनी कशी चालली कोण जाणे."

मी गप्प राहीन. शब्द.

जयसिंग

—

भोसरी
२५ जुलै

दत्तोबा, रामराम.

मागचं पत्र फाडून टाक. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं.

आज त्या चिंचवडच्या दुकानात जाऊन तशीच दुसरी दुर्बीण मागितली. माझ्या डोळ्याला जुळवली आणि न हलवता गिरजेच्या हातात दिली. तिला उजवीकडे धुकं. तिच्या डोळ्याला जुळवून माझ्या हातात घेतली तर मला धुकं. दुकानदार कपाळाला हात लावून बसला होता. म्हणजे माल उत्तम, सील चूक. जी कडी ज्याची त्यानं जुळवायची, ती मी स्वतःच्या डोळ्यावर कुलूपबंद केली, आणि वर तुम्हा दोघांना मोतीबिंदू झाल्याचं ठरवून टाकलं. एकतीस वर्षांत दुसऱ्यांना लाल टॅग लावले, आज एक स्वतःच्या शर्टाला लावून घेतो.

सील तोडायची परवानगी दिली आहे. खाली सही केली आहे. वहिनींची माफी मी मागितली असं सांग. रविवारी, तीन ऑगस्टला, गिरजा आणि मी येतोय. पिठलं-भाकरी चालेल.

परवानगी मंजूर.
जयसिंग

—

गवारेवस्ती
३१ जुलै

जयसिंगा, जय भीम.

लांबलचक पत्र हाय, चहा घेऊन बस.

तुझी परवानगी शनिवारी मिळाली. दुपारी ओट्यावर बसलो, ब्लेड घेतलं, दुर्बीण मांडीवर घेतली. तुझी सही परत एकदा वाचली. आणि हात थांबला.

मनात आलं, ही पिवळी रेघ चुकीची होती. मला डोळ्यानं धुकं दिसत होतं, डोकं दुखत होतं, तरी मी म्हणालो, जयसिंगनं सील केलंय म्हंजे बरोबरच असंल. न तपासता मानलं. आणि यशोदा, जी माझ्या चुलीपाशी आयुष्यभर बसली, ती म्हणाली बदक झाडात हाय, तर मला पुरावा पायजे. तुझ्या रंगाच्या रेघंवर इश्वास, तिच्या शब्दावर न्हाई. मला माझीच लाज वाटली, जयसिंगा. ब्लेड ठिवून दिलं. दुर्बीण खुंटीला लावली.

रविवारी डेअरीवर रांग लागली होती, पाऊस न्हवता म्हणून सगळे आले होते. मी माझा कॅन खाली ठिवला आणि प्रेस चालू असताना वरडायचो तसा वरडलो. म्हणालो, "ऐका! यशोदा म्हणाली अडई ढोलीत हाय, म्हंजे हाय. मी बघितलं न्हाई आणि बघायची गरज न्हाई. हसायचं तर मला हसा, तिला कुनी कायबी इचारलं तर गाठ माझ्याशी हाय." रांगेतला अर्जुनराव म्हणाला असावा, "आता पुरावा काय?" मला ऐकू आलं न्हाई, पण त्याचं तोंड तसंच हाललं. मी म्हणालो, "पुरावा यशोदा." मग कुनी हसलं न्हाई. वजन घेणारा पोरगा फक्त "पुढं चला" म्हणाला.

शालनबाई रांगेत होती. ती दूध न घालताच कॅन घेऊन पळाली. मी घरी पोचेस्तोवर बातमी आधी पोचली होती. यशोदा दारात उभी. जवळ आली, माझ्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, "म्हशींना पाणी दाखवलं का?" पंचवीस दिवसांनी! मी म्हणालो, "दाखवतो." ती म्हणाली, "मी दाखवलं." आणि आत जाऊन चहा टाकला. डोळे पुसत होती, मला वाटलं चुलीचा धूर, पण आमचा गॅस हाय.

मग तिनं दुर्बीण काढून दिली, म्हणाली तुमच्या डोळ्याला जुळवून घ्या. कडी फिरवली तर बोटं पिवळी झाली आणि वास आला आमटीचा. बघतो तर तुझा रंग न्हाईच, हळद! ती ओट्यावर बसून खो खो हसत होती, मग तुला धाडलेल्या पत्राचं सांगितलं. तुला समदं ठाऊक होतं व्हय रे? आणि मला साधं कळवलं न्हाईस. रविवारी ये, मग बघतो तुझ्याकडं.

आता बुधवारचं सांगतो.

पहाट फटफटली होती. यशोदा आदल्या दिवसापासनं म्हणत होती, अडई सारखी आत-बाहेर करती, आज-उद्या पिल्लं उतरतील. आमी बांधावर गेलो. थोरली म्हस बसली होती, तिच्या मागं बसलो आणि दुर्बीण तिच्या पाठीवर टेकवली. हात हलायचा प्रश्न मिटला, तुझ्या वहीत लिहून ठिव. मी म्हणालो, तू बघ, दुर्बीण तुझी. ती म्हणाली, "तुमी बघा. मला इथनं दिसतंय तेवढं बास हाय. मला ऐकू येतंय."

ढोली समोर दिसली, हात लावावा इतकी. आत काळं-पांढरं कायतरी हलत होतं. खाली पाण्यात अडई पोहत होती. तिची चोच उघडत होती, मिटत होती. आवाज न्हाई. दहा वर्सं मला पाखरं अशीच दिसत्यात, मुकी. मी तेच म्हणणार होतो, तोवर यशोदानं माझा दुसरा हात धरला आणि दाबला. त्याच क्षणी अडईची चोच उघडली. परत दाबला, परत उघडली. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. अडईनं शिट्टी मारली की ती माझा हात दाबत होती.

एकदा दाबला आणि ढोलीच्या तोंडाशी पिल्लू आलं. मुठीएवढं बी न्हाई, अंगावर पट्टे, पाय फताडे. परत दाबला. पिल्लानं खाली बघितलं आणि उडी मारली रे जयसिंगा! पंख न्हाईत, काय न्हाई, दोन पुरुष उंचीवरनं, चार बोटं पसरून. पाण्यात पडलं, बुडालं, बुचागत वर आलं. मी वरडलो, "एक!" यशोदानं तोंडावर बोट ठिवलं, मग परत हात दाबला. दोन. तीन. एकानं दुसऱ्याला ढकललं आणि दोघं संगं पडली. मी हसत होतो आणि रडत बी होतो. दुर्बिणीच्या काचंवर धुकं आलं. ह्या टायमाला तुझी चूक न्हाई.

दहा झाली. अकरावं ढोलीच्या कडंला येऊन बसलं आणि हलंना. खाली अडई शिट्टी मारती, यशोदा हात दाबती. ते माघारी आत गेलं. परत आलं. पाच येळा, सात येळा दाबला असंल. मी मनात म्हणत होतो, अरे मार की उडी, तुझी आई बोलावती, ऐकू येत न्हाई का तुला? आणि मारली.

अडई अकरा पिल्लं मागं घेऊन पाणकणसाच्या गवतात शिरली. आंबा रिकामा झाला, शिट्टी थांबली असंल, यशोदानं हात मात्र सोडला न्हाई.

तुझा,
दत्तोबा